बकर म्हणजे बकरा नव्हे

प्रिय इब्राहीम,

बकर म्हणजे बकरा नव्हे, गाय. हे मला गेल्या शुक्रवारी कळलं. तुला किती वर्षं ठाऊक होतं रे?

हेच विचारायला काल अल अमेरातच्या कबरस्तानात आलो होतो. तुला मातीत ठेवलं तेव्हा मी तुझ्या मेहुण्याच्या मागे उभा होतो आणि जागा लक्षात ठेवली होती, निदान मला तसं वाटत होतं. पण इथल्या कबरींवर नाव नाही, गाव नाही, नुसते दगड. एवढ्या दिवसांत शेजारी नवे दगड आले आणि माझा अंदाज चुकला. दोन-तीन ठिकाणी घुटमळलो. भलत्याच माणसाला जाब विचारायला नको म्हणून परत फिरलो. म्हणून हे पत्र.

आठवतं, आपली ओळख पडद्यांनी करून दिली? मस्कतला रुवीत तुझं पडद्यांचं दुकान, आणि अल् खुवैरच्या आमच्या ऑफिसात खिडक्यांची मापं घ्यायला तू आला होतास. फोनवर बायकोशी मराठीत भांडत होतो, तर तू टेप गुंडाळता गुंडाळता म्हणालास, "वहिनींचा बरोबर हाय, साहेब." रत्नागिरीकडचा माणूस! त्या दिवशी चहाला थांबवलं, ते पुढे दर शुक्रवार तुझ्याच गाडीत गेला.

तुझी जुम्म्याची नमाज झाली की ती पांढरी पिकअप निघायची. बरका, रुस्ताक, समाईल, निझवा. लोक किल्ले बघायला जायचे, आपण मिश्काक शोधायला. काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेलं मांस, वर चिंचेची तिखट चटणी, सोबत पातळ रोटी. मस्कतमध्ये काय मिळत नव्हतं? पण तू नाक मुरडायचास. "शहरात धूर खातंस तू, मांस नाय. मांस खायाचा तर गावाला जायाला पायजे." निखारा लालभडक असताना काड्या मांडणाऱ्याकडे तू गाडीसुद्धा थांबवायचा नाहीस. राख धरलेला निखारा हवा, आणि पुठ्ठ्यानं वारा घालणारा हात सावकाश हवा. मी घरी अंडंसुद्धा चोरून खाणारा, म्हणून तुझ्या तोंडी माझं नाव भट. बायकोनंही ते हसत स्वीकारलं होतं.

आणि एका सुटीत तू पुण्याला माझ्या आईकडे खजूर पोचवायला गेलास. तिनं तुला पोहे खाऊ घातले आणि म्हणाली, "तो तिकडे मटण खातो, मला कळतं हो. खाऊ दे. पण ते दुसरं तेवढं त्याच्या पोटात जाऊ देऊ नका, इब्राहीमभाऊ." तू म्हणालास, "आई, माझ्यावर सोडा." परत आल्यावर मला हसत हसत सांगितलंस, आणि मीही हसलो.

तेव्हापासून कुठल्याही गावात तूच आधी शेगडीपाशी जायचास. वाकून काहीतरी विचारायचास, मग माझ्याकडे बघून मान हलवायचास. मला वाटायचं, चांगले तुकडे निवडतो आहेस!

मग तो हिवाळा आला. तिकडे मुंबई पेटली होती. इकडे आपण दोघं पडद्यांवर आणि हवेवर बोलायचो, बाकी कशावर नाही. तरी शुक्रवार मात्र चुकवला नाही. बहलाच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत, एका खेड्यात तो ओमानी म्हातारा सापडला. एक शेगडी, दोन बाकं आणि एक खजुरीचं झाड. अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची, बांग झाली. "तू बस, मी आलोच," म्हणून तू मशिदीकडे गेलास.

वासानं मला बसवेना. गेलो आणि बोटानं विचारलं, हे काय? म्हातारा म्हणाला, "लहम बकर."

लहम म्हणजे मांस, एवढं अरबी मला येत होतं. आणि बकर? मराठी माणसाला बकर शिकवायला लागतं का! मला केवढा आनंद झाला होता. वाटलं, बघा, शब्दसुद्धा आपलाच निघाला. पोट भरून खाल्लं. असं लुसलुशीत मांस जन्मात खाल्लं नव्हतं.

तू आलास. मी ओरडलो, "इब्राहीम, बकर! तुझ्या सगळ्या शेगडीवाल्यांना खाली बघायला लावेल असं!" तू काड्यांकडे बघितलंस. मग माझ्याकडे. मग पिकअपच्या पायरीवर बसलास आणि म्हणालास, "पाणी पी, भटा." तू स्वतः काहीच खाल्लं नाहीस. म्हणालास, भूक नाय. तुला? शुक्रवारी संध्याकाळी? तेव्हाच मला समजायला हवं होतं.

त्यानंतर मी तुझा किती छळ केला! साऱ्या ओमानातलं सगळ्यात चांगलं मिश्काक मी शोधलं, मी! दिवाळीच्या फराळाला, पिकनिकला, दिसेल त्याला सांगायचो, तुझ्यादेखत. "हा मासेखाऊ, याला मांसातलं काय कळतंय?" तू मान खाली घालून हसायचास. परत तिकडे जाऊ म्हटलं की तुझी कारणं तयार. वादीच्या ओढ्याला पाणी आलंय. रस्ता खणलाय. म्हातारा सलालाला गेलाय लेकीकडं. वर्षानुवर्षं तो म्हातारा सलालालाच! मी म्हणायचो, जळतोस तू माझ्या शोधावर. तू म्हणायचास, "जळतंय, बाबा, जळतंय. चल, समाईलला जाऊ."

आणि तो तुझा नवा कायदा. गावात पोचल्यावर नमाजेची वेळ असली की मला गाडीत बसवून जायचास. "मी येयपरेंत उतरायचा नाय." उन्हाळ्यात घामाच्या धारा लागायच्या. मी तुला शिव्या घालायचो, लहान पोर समजतोस का म्हणून. तू बाहेरून काच वर आहे का बघायचास आणि जायचास. तुझी ती नमाज मला तेव्हा फार लांब वाटायची रे.

मग तू दुकानातच गेलास, हातात टेप धरून. मला फोन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

एवढे दिवस शुक्रवारी मी घराबाहेर पडलो नाही. गेल्या शुक्रवारी मनात आलं, निदान माझ्या त्या जागी जाऊन येऊ, तुझ्या नावानं खाऊ. रस्ता छान होता. वादी कोरडी होती. म्हाताऱ्याच्या जागी त्याचा मुलगा उभा होता, आणि मागे नवी पाटी, चित्रांची. "बकर," मी ऐटीत म्हणालो. खात्री करायला त्यानं पाटीवर बोट ठेवलं. बोटाखाली गाय होती.

"ला, ला, नको," म्हणत मी मागे सरलो. खोटं कशाला बोलू, तोंडात काही नसताना चूळ भरली. गाडीत येऊन बसलो आणि तुझा तो पायरीवर बसलेला चेहरा आठवला. पाणी पी, भटा.

तसाच रुवीला तुझ्या घरी गेलो. भाभींनी ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "त्या राती घरीपण जेवले नाय. मी म्हटला, सांगून टाका, भट हसंल. तर बोलले, आजकालच्या दिवसांत सांगू? त्याला वाटंल, मीच मुद्दाम खाऊ घातला."

इब्राहीम! असं वाटलं तुला? माझ्याबद्दल? माझ्या मुलीचा पाळणा तू बांधलास, माझ्या घराची किल्ली तुझ्या दुकानात टांगलेली असायची, आणि तुला असं वाटलं? फार राग आला मला तुझा. अजून आहे.

तू सांगितलं असतंस तर मी हसलोच असतो, असं पुढे लिहिणार होतो. पण लिहवेना. त्या हिवाळ्यात पुण्याहून भावाचे फोन यायचे. तो काय काय बोलायचा, आणि मी ते ऐकून घ्यायचो. तेव्हा तू येऊन म्हणाला असतास, भटा, ती गाय होती, तर मी काय म्हणालो असतो? मला माहीत नाही, इब्राहीम. तुला कदाचित माहीत होतं. मला वाचवायला म्हणून गप्प बसलास, की मला ओळखून होतास म्हणून? ह्याचं उत्तर आता कोण देणार?

आणि त्या एका नमाजेपायी तू स्वतःला गुन्हेगार समजत राहिलास, आणि मी तुझ्यासमोर शोधाच्या बढाया मारत राहिलो. पुढे कितीतरी वर्षं समाईलच्या वाटेवर तू काय गिळून गाडी चालवत होतास, ते मला आता दिसतं, आणि जेवण जात नाही.

आई आता फार थकली आहे. काल फोनवर तुझाच विषय काढला. म्हणाली, "गुणी माणूस गेला रे. मला दिलेला शब्द पाळला ना त्यानं?" मी म्हटलं, "पाळला, आई. अगदी शेवटपर्यंत पाळला." हे मी तिला खोटं सांगितलेलं नाही. तुझं काही म्हणणं असलं तरी.

येत्या शुक्रवारी समाईलला जाणार आहे. एकटाच. तुला वचन देतो, शेगडीपाशी गाडी लावीन, काच वर करीन, आणि अस्रची नमाज सुटून शेवटचा माणूस मशिदीबाहेर येईपर्यंत खाली उतरणार नाही.

तुझा,
भट