उजेड वाढव

प्रिय बाबा,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, म्हणून पानं जास्त झाली. आईला वाचायला देऊ नका, तुम्हीच वाचा. मी आतल्या खोलीत आहे. हाक मारायची तर सगळं वाचून झाल्यावर मारा.

गोदीच्या सामानखोलीत मी कामाला लागून वर्ष होत आलं. पहिल्या दिवशी तुम्ही तुमच्याबरोबरच्या सगळ्या पाणबुड्यांना सांगितलंत, "ही आमची पदवीधर. आता तुमचे जीव हिच्या हातात." सगळे हसले. मी मात्र ते खरं धरून बसले. पाण्यात उतरताना मनगटावर बांधता त्या छोट्या कॉम्प्युटरवर किती खोल आहोत, वर येताना कुठे किती थांबायचं, ते दिसतं. तेच दिसलं नाही तर माणूस वर येतो, पण धड येत नाही. वरच्या उन्हातल्या पाण्यात त्याच्या पडद्याचा उजेड प्रखर लागतो. जहाजाच्या तळाशी गढूळ अंधार असतो, तिथे मध्यम पुरतो. जास्त ठेवला तर डोळ्यांवर येतो आणि बॅटरी खातो. ज्याचं जिथे काम, तसा मी लावून देते.

तुम्ही तेवढे रोज सामानखोलीच्या खिडकीशी येऊन म्हणता, "पोरी, जरा उजेड वाढव." तळाशी जाणार असलात तरी. मी वाढवत गेले. म्हटलं, बाबांना चाळिशी लागली, दुसरं काय.

परवा पुन्हा म्हणालात. उजेड शेवटच्या टोकाला होता, त्यापुढे तो जातच नाही. तुमच्यामागे माणसं खोळंबली होती, म्हणून मी नुसती बटणं दाबल्यासारखं केलं आणि होतं तसं परत दिलं. तुम्ही हात लांब धरून बघितलंत. म्हणालात, "हां, आता कसं लख्ख."

तेव्हापासून मला काही वाटेनासं झालंय. कपडे वाळत घालते, चिमटे लावते. आई काही विचारते, मी उत्तर देते. बरोबरच देत असणार.

पाण्यातल्या तुमच्या जोडीदार काकांना गाठलं. त्यांनी आधी हसण्यावारी नेलं. मग म्हणाले, "अगं, तुझ्या बापाचं घड्याळ मीच. खाली तो मनगट माझ्यापुढे धरतो, मी बोटांनी सांगतो." कधीपासून, विचारलं. म्हणाले, "तुझं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं ना, तेव्हापासून." काका सोमवारपासून दुसऱ्या गोदीत चाललेत. तुमच्याबरोबर नवा माणूस येणार. त्याला बोटांचं कोण सांगणार, असं मी विचारलं, तर काका स्वतःच्या बोटांकडेच बघत राहिले.

समोर बसून बोलणार होते. काल आलेही होते. तुम्ही वर्तमानपत्र उघडून बसला होतात, पान उलटत नव्हतात. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि परत गेले.

म्हणून हे पत्र. आज मी गोदीतल्या साहेबांना तुमच्या डोळ्यांचं सांगितलं. काकांचं नाव घेतलं नाही. डोळे तपासून दाखला आणेपर्यंत तुम्हाला पाण्यात सोडणार नाहीत. साहेबांनी विचारलं, घरी विचारलंस का? मी नाही म्हटलं. गोदीच्या फाटकावर चारचौघांत कळण्याआधी हे तुम्हाला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. रागवा. हवं तर बोलू नका. पण उद्या खिडकीशी येऊन उजेड वाढव म्हणालात, तर बाबा, माझ्याकडे वाढवायला काही उरलेलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांची उद्या सकाळचीच वेळ घेतली आहे. मी चपला घालून दारात उभी असेन.

तुमचीच,
पदवीधर