फळीवरची पहिली जागा

प्रिय घुमे,

अनेक आशीर्वाद. सोमवारी आलं ते सामान लिहिते, ताडून पाहा. लाकडी फळी एक. तिच्यावर बसणारे तुझ्या गिटारचे पेडल चार: काळा, पिवळा, निळा आणि तो रंग उडालेला. आखूड वायरी पाच, लांब एक. मोजे आठ, म्हणजे चार जोड, धुतलेले. चिठ्ठी नाही. टपालखर्च तू तिकडे भरलेलास, पण वजन जास्त भरलं म्हणून टपालवाल्याने दारात पंचेचाळीस मागितले. मी म्हटलं, अहो, मागवलंय कुणी? तर म्हणतो कसा, मग परत नेऊ का? दिले. खोका चांगला दणकट आहे, तो ठेवलाय.

चिठ्ठी नाही म्हणून मी खोका तीनदा उलटा केला. मोज्यांत हात घालून पाहिलं. फोन करावा तर तू फोनवर "हं"च्या पुढे जात नाहीस, आणि इकडे तुझे बाबा समोर खुर्ची ओढून बसतात, मग मीही "जेवलीस का" याच्या पुढे जात नाही. म्हणून हे पत्र. बाबा केस कापायला गेलेत. तिथे गर्दी असली तर बरं, नाहीतर अर्ध्यात उठावं लागेल. तशीही मी अर्ध्यात उठतेच आहे. आत्ताच जाऊन गॅस बंद आहे ना ते पाहून आले. तो सकाळपासून बंदच आहे.

खोका फोडला तेव्हा बाबा काय म्हणाले ते तुला कळायला हवं. त्यांनी फळी हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आली ताळ्यावर पोरगी." जुन्या पलंगाची ती फळी त्यांनीच कापून, घासून तुला दिली होती हे विसरले नाहीत. कापडात गुंडाळून कपाटावर ठेवली, वर कुणी काही ठेवू नये म्हणून दोनदा बजावलं. पण अर्थ त्यांनी एकच लावला, की वाजवणं संपलं, आता तू घरी येणार आणि मामाच्या गोदामात हिशेबनिसाच्या खुर्चीवर बसणार. मामा ती खुर्ची तुझ्यासाठी अडवून बसलाय, हे तुला माहीत आहे. तुझं "विचार करते" ऐकून ऐकून तोही कंटाळला. या महिनाअखेर तो दुसऱ्या कुणालातरी बसवेल. बाबांच्या मते हा खोका म्हणजेच तुझं उत्तर.

मला तसं वाटत नव्हतं. पण मग काय वाटत होतं, तेही सांगता येईना. दोन दिवस नुसती इकडून तिकडे. पहाटे प्रार्थनेला बसले की डोळे मिटतात, पण मन त्या मोज्यांकडे. तुला आठवतं ना, पहिलं पेडल आणलंस तेव्हा मी किती आकांडतांडव केलं होतं? वाद्याला पाय लावायचा? आपल्या घरात? तू म्हणालीस, आई, हाताने दाबलं तर तारा कोण छेडणार, तू? मी म्हटलं, देवाला नको असेल तर नको छेडूस. आठवडाभर अबोला. शेवटी तूच तोड काढलीस, की चप्पल-बूट काढून, फक्त पेडलसाठी ठेवलेले स्वच्छ मोजे घालून वाजवायचं, आणि आधी वाकून हात लावायचा. उरलेल्या लोकरीतून पहिला जोड मी विणला. महिन्याभरात उजव्या पायाचा अंगठा बाहेर. मग दुसऱ्या जोडापासून अंगठ्याला दुहेरी लोकर घालू लागले. असे पाच जोड केले तुला. आता आलेत ते चारही उजव्या अंगठ्याला विरलेले आहेत, पहिला सोडून बाकीच्यांना दुहेरी लोकर असून. म्हणजे अगदी परवापरवापर्यंत तू माझं ऐकत होतीस. ते पाहून मला जे झालं ते लिहीत नाही.

मग मनात आलं, पेडल बिघडले असतील. दुरुस्तीला पैसे नसतील, तुला मागायला लाज. म्हटलं, आपणच लावून पाहू. नवा अडॅप्टर कशाला घ्यायचा, खणात ढीगभर पडलेत. जुन्या रेडिओचा काढला. त्याच्यावर नऊ लिहिलेलं, पेडलवरही नऊ. नऊ म्हणजे नऊ, असं मी धरून चालले. भोकात बसलाही नीट. पिवळ्याचा दिवा एकदा लुकलुकला, आणि मग असा वास आला की मी आधी खिडकी उघडली आणि मग देवाचं नाव घेतलं. बाबा बाहेरून ओरडले, "काय करपलं गं?" मी म्हटलं, "दूध." घरात त्या दिवशी दूधच नव्हतं. देव क्षमा करो.

चारही पेडल पिशवीत घालून रेडिओवाल्या बाईंकडे गेले. तुझं पहिलं पेडल त्यांच्याकडचंच. त्यांनी पिवळं उघडलं, हुंगलं आणि म्हणाल्या, "वहिनी, रेडिओचा लावलात ना? त्याची अधिक-उणे याच्या बरोबर उलटी असते. तुमच्यासारख्या काटकसरी माणसांवरच माझं दुकान चालतं बघा." एक चिमुकला भाग बदलला, दहा मिनिटांचं काम. बाकी तिन्ही ठणठणीत. मग बिघडलं नाही तर पाठवलं का? असं मी त्यांना विचारलं नाही, पण चेहऱ्यावर असावं. दुकानात कुणाची तरी बेस गिटार, तुझ्यासारखीच जाड तारांची, दुरुस्तीला आली होती, ती त्यांनी माझ्या मांडीवरच ठेवली. "तुमच्या घुमीने काय काय निवडलं होतं, ऐका तरी. इतकी वर्षं भिंतीपलीकडूनच ऐकलंय तुम्ही."

घुमे, मी तार छेडायची आणि बाईंनी पेडल दाबायचं. त्यांनी चपला काढल्या, मी सांगण्याआधीच. काळा, तो कॉम्प्रेसर. मी एकदा जोरात छेडली, एकदा भीत भीत, आवाज दोन्ही वेळा जवळपास सारखाच. भरल्या ताटातलं काढून रिकाम्या ताटात वाढावं तसं. हा मला पटला. निळा ऑक्टेव्ह, त्यात माझ्या सुराखाली आणखी एक जाड सूर, तळमजल्यावरून कुणीतरी साथ द्यावी असा. पण दोन तारा एकदम छेडल्या की बिचारा भांबावतो, कुणाला साथ देऊ कळत नाही त्याला. रंग उडालेला कोरस म्हणजे आमची प्रार्थनेची मंडळी, सगळ्या एकच ओळ म्हणतात पण एकीचाही मेळ दुसरीशी नाही. आणि माझा करपलेला पिवळा ओव्हरड्राइव्ह, घसा बसलेला माणूस रागावल्यासारखा. बाईंनी त्यातलं मिश्रणाचं बटण दाखवलं. म्हणाल्या, "हे पाहून घेतलं हिने. साध्या गिटारचं पेडल बेसला लावलं की खालचा आवाजच खाऊन टाकतं, नुसती खरखर उरते. याच्यात मूळ आवाज शेजारीच चालू ठेवता येतो. तेव्हा दोन महिने थांबली, पैसे जमवले, पण हेच घेतलं." मला वाटायचं तू रंग बघून घेतेस.

शेवटी त्यांनी सगळे बंद केले आणि नुसती तार छेडायला लावली. टाचेखालची फरशी हलली गं. उघडा, जाडाभरडा, खरा आवाज. मला तोच सर्वांत आवडला, हे बोलून दाखवलं तर बाई हसल्या आणि विचारलं, "ट्यूनर कुठाय?"

मला माहीतच नव्हतं, ट्यूनर म्हणून काही असतं. घरी येऊन स्टुलावर चढले, फळी उतरवली. चार जागी चिकटपट्टीवर धूळ, म्हणजे ते चार कधीचेच उतरवलेले, आणि गिटारची वायर येते त्या बाजूची पहिली जागा स्वच्छ, रिकामी, तिथलं काहीतरी अगदी आत्ता उचललेलं. फळी तशीच पिशवीत घालून पुन्हा दुकानात. बाई म्हणाल्या, "सूर लावायचं यंत्र तेवढं ठेवलं तिने. पैशांसाठी म्हणाल, तर ट्यूनरला कोण कुत्रं विचारतं? विकला असता तर पिवळा विकला असता. वहिनी, वाजवणं सोडणारा माणूस सूर कशाला लावेल?" तेव्हा माझ्या डोक्यात पाचव्या जोडाचा प्रकाश पडला. तोही आलेला नाही. आणि तुझं मागचं पत्र आठवलं, सगळे डबे, म्हणजे हे पेडलच, लावूनही स्वतःचं वाजवणं स्वतःला ऐकू येत नाही म्हणून लिहिलं होतंस. मी तेव्हा उत्तरात कान तपासून घे म्हणून कळवलं.

पण बाई म्हणजे तू नव्हेस, आणि मीही नव्हे. कदाचित तू ज्यांच्याबरोबर वाजवतेस त्यांच्याशी भांडण झालं असेल. कदाचित खोक्यात जागा पुरली नसेल. ट्यूनर पुढच्या टपालाने येतही असेल, सोबत पाचवा जोड. दारात सायकल वाजली की मी आधी टपालवाल्याचे हात बघते. रिकामे दिसले की बरं वाटतं.

आता हे पत्र का, ते सांगते. बाबा जिन्यात आलेसे वाटतात. मंगळवारी त्यांनी मामाला होकार कळवायला सांगितला. घरातली पत्रं मीच लिहिते, तेही सुवाच्य अक्षरात लिहिलं, त्यांनी सही केली, मी तिकीट लावलं आणि टाकून येते म्हणून निघाले. ते पत्र तीन दिवस माझ्या भाजीच्या पिशवीत फिरतंय. बाबा रोज विचारतात, पोचलं असेल ना? मी म्हणते, टपालाचं काय सांगावं. आज चहाच्या वाफेवर त्याचं तिकीट सोडवलं, तेच या पाकिटाला लावतेय, जरा वाकडं बसलंय. तू डबे पाठवलेस की वाजवणं पाठवलंस, एवढंच एका ओळीत लिही. खुर्ची हवी असेल तर नवं तिकीट आणून होकार टाकीन, एका शब्दाने टोचणार नाही. नको असेल तर बाबांना मी सांगेन, दुधाचंही सांगेन. सहावा जोड सुयांवर आहे, उजवा मोजा अंगठ्यापाशी येऊन थांबलाय. लोकर एकेरी घालू की दुहेरी, ते उलट टपाली कळव.

तुझीच,
आई