झोपलेल्या केशराला ऊन

८ जुलै
अभ्यासिका गेली. टेबल, खुर्ची आणि मी, तिघेही स्वयंपाकघरात. माझ्या खोलीत आता लाकडी ट्रे, त्यांत काश्मीरहून आलेले केशराचे कंद, आणि त्यांच्या सेवेला माझा ए.सी. लेक मुक्ता (यापुढे मु., शाई वाचते) शेतकी शिकली तेव्हा वाटलं होतं, शेत घरापासून लांब असेल.
अक्कानं कंद हातात घेऊन पाहिला. "अगं, हे तर लसणाचे गड्डे!"
मु.: "आत्या, फोडणीत टाकलेस तर बघ."
थोरली बहीण असल्यानं अक्काला मी काही बोलू शकत नाही. मु.ला तर कधीच बोलू शकलो नाही.

१५ जुलै
माती नाही, पाणी नाही, उजेड नाही. विचारलं, मग करायचं काय?
"काही नाही, बाबा. झोपू द्यायचं."
वरून मेल्यासारखं दिसतं, पण फूल आत्ताच आतल्या आत घडतं म्हणे. पंचवीस अंशांच्या आसपास ठेवायचं. ऑक्टोबरात आणखी गार केलं की कोंब. वरून मेल्यासारखं पडून राहण्याचं काम मी कॉलेजात अठ्ठावीस वर्षं करतोय. आतून काही घडलं नाही, ए.सी.ही मिळाला नाही.

२ ऑगस्ट
गंगा चढली. ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली, गल्लीतली लाइट बंद. मु. पुठ्ठ्यानं ट्रेंना वारा घालत बसलेली. मागच्या महिन्यात मला ताप होता, तेव्हा हा पुठ्ठा सापडत नव्हता.
बिजलीवाला इन्व्हर्टर बघायला आला. "गुरुजी, पियाज खातिर ए.सी.?"
मी: "पियाज नहीं, दामाद हैं।"
तो हसला. मु. नाही.

११ ऑगस्ट
पुण्याच्या एका नर्सरीचं पत्र. नोकरी पक्की, नोव्हेंबरात रुजू व्हायचं. मु. म्हणाली, "फुलं आली तर जाणार नाही, इथंच करीन. नाही आली तर जाईन. ठरलं."
मी: "जा की! काशीत ठेवलंय काय?"
बोलायला अर्धं मिनिट लागलं नाही. नंतर दिवसभर खोडता येईना.
मु.ची आई, सुमन, जाऊन सहा वर्षं. आता हीपण गेली की घरात मी, अक्का आणि…
संध्याकाळी दार लावून ट्रेंना नमस्कार केला. वर्तमानपत्रातल्या माझ्या सदरात मी नास्तिक आहे.

२६ ऑगस्ट
राहवेना. एक कंद हळूच सोलला. टरफलाखाली तांदळाच्या कणीएवढं पांढरं. मु.नं पकडलं.
"बाबा, बाळ वाढतंय का ते पोट फाडून बघतात का?"
तिच्या आईचं बोलणं आहे हे, माझं नव्हे.

२० सप्टें.
काल लिहिलं नाही. आज लिहितो, कारण कुणाला तरी सांगायला हवं आणि या वहीला तोंड नाही.
मु. दोन दिवस लखनौला. परवा वडिलांचं, आबांचं श्राद्ध, म्हणून घर धुणं चाललेलं. माझं टेबल गॅलरीत. सदर अर्धवट. विषय: समोरचा काय म्हणतोय ते न ऐकताच 'हो' म्हणणारे साहेब.
अक्का आली. "अरे, त्या खोलीत कुबट वास येतोय. भादव्याचं ऊन काय कडक पडलंय! दाखवू का जरा?"
मी वर न बघता: "दाखव."
आमच्या घरात पावसाळा सरला की सगळ्याला ऊन दाखवतात. गाद्या, डाळी, पोथ्या. कीड लागू नये म्हणून. अक्कानं तेच केलं. दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक ट्रे गच्चीवर नेला, आबांचं जुनं धोतर अंथरलं, कंद पसरले, आणि माकडांसाठी काठी घेऊन बसली. तीन वाजता मी वर गेलो. कंद हातात घेतला तर उकडलेल्या बटाट्यासारखा गरम.
अक्का घामानं निथळत: "बघ, कसे खडखडीत झालेत!"
तिला काय सांगणार.

२२ सप्टें.
शेवटी सांगावं लागलं. आतली फुलं करपली असतील म्हटल्यावर अक्का पाटावरून उठली. जेवली नाही.
मु. आलीय. तिला सांगितलं नाही. कदाचित काही झालंच नसेल. नाही आली फुलं, तर तिनं हवेला शिव्या द्याव्या, वीजवाल्यांना द्याव्या. सदर लिहिणारा माणूस, आणि एक वाक्य जुळवता येत नाही.

५ ऑक्टो.
ए.सी. सतरावर. मु. खोलीत स्वेटर घालून, मी बाहेर बनियनवर. अक्का रोज मंगला गौरीच्या देवळात जाऊन येते. मु.ला वाटतं, तिच्या लग्नासाठी. चिडते. अक्का निमूट ऐकून घेते.

१७ ऑक्टो.
कोंब!! पांढरे, टोकदार, जवळजवळ सगळ्या कंदांना. मु. नाचली, अक्का पदर तोंडाला लावून रडली. विचारलं, "म्हणजे आत फूल आहे ना?"
"कोंब येतोच, बाबा. आत फूल आहे की नुसती पानं, ते उघडल्यावर कळतं."
म्हणजे आणखी आठ दिवस.

२३ ऑक्टो.
पहिल्या ट्रेतले कोंब उघडले. गवतासारखी पानं. नुसती पानं. दुसऱ्यातही तेच.
मु. तापमानाची वही घेऊन बसली. जुलैपासूनचं एकेक पान. "माझंच कुठेतरी चुकलंय, बाबा. गार करायला उशीर झाला का?" लखनौचे दोन दिवस वहीत कोरे, तिथं बोट ठेवून पुढे गेली. बघवेना. सांगितलं.
"आत्यानं?"
"मी. तिनं विचारलं होतं. मी 'दाखव' म्हणालो."
तिनं वही मिटली. "मी जावं असंच वाटत होतं का तुम्हाला? तसं सरळ म्हणायचंत."
आणि मी काय म्हणालो? "चहा घेतेस?"

२४ ऑक्टो.
काही नाही. सदर पाठवलं नाही.

२६ ऑक्टो.
मु.ची बॅग पलंगावर, उघडी. आज सकाळी खोलीच्या दारात उभं राहून म्हणालो, "राहा."
ती ट्रेवरून नजर न काढता: "फुलं आली तर, का नाही आली तरी?"
"नाही आली तरी."
मागच्या दोन ट्रेंतले कोंब बोटभर झालेत, अजून मिटलेले. अक्का म्हणते, एकाच्या टोकाला जांभळं आहे. मला दिसत नाही. मु.ला विचारलं तर म्हणाली, "बघू." कशाबद्दल, ते विचारलं नाही. दुपारी बॅगेतला स्वेटर घालून ट्रेंच्या खोलीत गेली. बॅग अजून उघडीच.