जानू-लखमीचं लग्न आणि माझी नोकरी

बोईसर, रवि. ८ फेब्रु. ८७

चर्चमधली उपासना संपताच पंचकमिटीने मला थांबवून घेतलं. साळवेकाका (कारखान्यात फोरमन, ओरडायची सवय तिथलीच) लग्नाचं रजिस्टर उघडून बसलेले. "पाळकसाहेब, हे काय लिहून ठेवलंत?"

मागच्या रविवारी उमरोळीच्या जानू नि लखमीचं लग्न लावलं. त्याच मांडवात त्यांच्या लेकीचंही. वारली माणसं, ऐपत होईल तेव्हा लग्न लावतात, तोवर संसार थोडाच थांबतो! बावीस वर्षं झाली, चार पोरं. रजिस्टरात नावापुढे 'अविवाहित' लिहायचं असतं. हात धजेना. 'विवाहित' लिहिलं, दोघांपुढेही.

गाढव मी. पण तेव्हा बरोबर वाटलं. अजूनही वाटतं.

गुरु. १२

मुख्य कचेरीचं पत्र. इतक्या लवकर म्हणजे काका स्वतः जाऊन आले असणार. तिथल्या साहेबांचा प्रश्न सरळ आहे. आधीच विवाहित होते, तर लग्न कसलं लावलंत? नव्हते, तर खोटं का लिहिलंत? काय उत्तर देऊ, कपाळ!

१ मार्चला भर उपासनेत नोंद खोटी म्हणून कबूल करायचं. ही दोघं इतकी वर्षं पापात राहिली, असं नाव घेऊन वाचायचं. नाही तर मार्चअखेर सेवा समाप्त, घर रिकामं.

सुनंदाला सांगितलं नाही. आमच्या लग्नाला सहा आठवडे झालेत. आजच तिने खिडक्यांना पडदे शिवले.

शनि. १४

कळलंच तिला. साळवेकाकू नळावर बोलल्या. "अहो, हे मला नळावर कळायचं?" आधी भांडी आपटली, मग रडली. "माझे बाबा तीस वर्षं पाळक होते. त्यांनी नाही कधी भलतंसलतं लिहिलं." मी म्हणालो, मग जा त्यांच्याकडेच.

बोलायला नको होतं. दोघंही जेवलो नाही.

बुध. १८

नोकरीसाठी तारापूरला एका कारखान्यात मॅनेजरला भेटून आलो, कुणाला न सांगता.

"अब तक क्या काम किया?"

"चर्च में था."

"पंडितजी जैसा?"

"हां, वैसाच."

"भाषण अच्छा देते होगे. यहां मत देना, यूनियनवाले बहुत हैं."

कळवतो म्हणाला. कसला कळवतोय. एकतिसाव्या वर्षी मला येतं काय? वचन सांगणं, बाप्तिस्मा देणं, मेलेल्याला माती देणं. बस. देवा, मी कुठे जाऊ हिला घेऊन? प्रार्थनेला बसलो. पाठ असलेलं म्हटलं नि उठलो.

रवि. २२

साळवेकाका आज गोड. खांद्यावर हात. "दोन ओळी वाचून टाका हो. त्या लोकांना काय कळतंय!"

हात झटकावासा वाटला. झटकला नाही. मला नोकरी हवीय.

गुरु. २६

जानू-लखमी आली, उमरोळीहून चालत. वालाच्या शेंगा घेऊन. जानू उंबऱ्याशीच बसला. "साहेब, आमाला कळलाय. तुमी वाचा. आमी पापी हाव तं हाव. आमच्यापायी तुमचा घर कशाला मोडता? बायको नवीन हाय तुमची."

मी म्हणालो, तुम्ही पापी नाही. म्हणाला, "तुमाला म्हाईत हाय ना? बास झाला."

सुनंदा चहा घेऊन आली नि लखमीशेजारी खालीच बसली. दोघी शेंगा सोलत राहिल्या. जानू-लखमी गेल्यावर मी सुनंदाला विचारलं, वाचू?

"मला विचारू नका. मी वाचा म्हटलं, तर जन्मभर माझ्या नावावर टाकाल."

खरं आहे. तेच करणार होतो.

रवि. १ मार्च, सकाळ

चर्चमागच्या खोलीत. कागद समोर आहे. अजून ठरत नाही. वाचलं तर उद्यापासून या दोघांना तोंड कसं दाखवू? नाही वाचलं, तर सुनंदाचं काय?

आत्ता लखमी दार ढकलून आली. लग्नातलंच लुगडं, केसांना तेल. जानू पहिल्या बाकावर बसलाय म्हणाली.

"साहेब, मना कमी ऐकू येतं. माझा नाव जरा मोठ्यानं वाचा, म्हंजे उभी कवा ऱ्हायची ते कळंल."

घंटा झाली. सुनंदा दारात उभी आहे. जातो.