समाधानचं रडणं

सोमवार, २७ ऑक्टोबर
आज सातपूरला मुलाकडे, समाधानकडे राहायला आलो. मळ्यातली मेथी, कोबी आणि पाटीभर शेवंती आणली. तिसरा मजला, वारा छान येतो. गॅस बंद आहे ना, हे मी पुन्हापुन्हा बघतो म्हणून सूनबाई मंजुषा हसली. अण्णा आले, आता मी बिनघोर जाते म्हणाली, आणि नातवाला, रुद्रला घेऊन दिंडोरीला माहेरी गेली. पोराला सुट्टी आहे. समाधान मोटारसायकलवरून पडला, डोक्याला मार लागला, त्याला चार वर्षं झाली. आता चालतो, जेवतो, कंपनीत जातो. उगाच जीव टांगणीला लावून होतो मी!

बुधवार, २९ ऑक्टोबर
झोप नाही. मंजुषा जाताना जिन्यात म्हणाली होती, ह्यांना कशाचंच काही वाटत नाही. रुद्रचं डोकं फुटलं तरी हे जेवत राहिले. परत नांदायला यायचं की नाही, ते ती तिकडे ठरवणार आहे. डॉक्टर म्हणतात, मेंदूच्या माराने असं होतं, कायमचंही राहतं. मला पटत नाही. याची आई सरू गेली तेव्हाही हा रडला नव्हता. आमच्याकडे दुखवट्यात कुणी कोरडा राहिला तर बाया त्याला मुद्दाम रडवतात. नाहीतर दुःख डोक्यात बसतं. उद्या मीच रडवतो त्याला.

गुरुवार, ३० ऑक्टोबर
समोर बसवून सरूचे शेवटचे दिवस सांगितले. शेवटी तिने त्याचंच नाव घेतलं होतं. सांगता सांगता मीच ढसाढसा रडलो. तो वाकून माझं तोंड निरखत राहिला. मग विचारलं, अण्णा, आधी ओठ हलतो का डोळे भरतात?

शनिवार, १ नोव्हेंबर
समाधान रडतो. आरशासमोर. आधी ओठ, मग हनुवटी, मग खांदे. खांदे माझ्यासारखेच हलतात. मोकळं वाटलं का रे, विचारलं. नळ बंद करावा तसा थांबला. म्हणाला, काय वाटायला पाहिजे? मंजुषाला हे दाखवलं तर ती राहील. बाकी आत बघतो तर काहीच नाही, अण्णा.

रविवार, २ नोव्हेंबर
व्हिडिओ कॉलवर मंजुषासमोर रडला. तीही रडली. मंगळवारी येते म्हणाली. अण्णा, तुमच्यामुळे माझा माणूस परत मिळाला, म्हणाली. मला खरं सांगवलं नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर
समाधान म्हणाला, विसरायला होतं, पुन्हा रडून दाखवा. मला रडू येईना. तेव्हा त्याने सांगितलं, रुद्र विहिरीत पडला, गेला. मी जमिनीवर कोसळलो. तो शेजारी आडवा होऊन बघत होता. ओठ हलवत. खोटं होतं. पोरगं धड आहे. आणि हा म्हणतो, परवा आईचं सांगताना रडलात त्यापेक्षा हे चांगलं झालं —

मंगळवार, ४ नोव्हेंबर
म्हणतो, तुमचं रडणं म्हाताऱ्याचं, खोकल्यासारखं. लहान पोराचं खरं असतं. रुद्र आला की —
मी मारलं त्याला. तोंडावर. त्याने माझाच चेहरा जवळ ओढला. यालाच राग म्हणतात का, विचारलं.
मंजुषाला फोन केला, येऊ नको. पण त्याने आधीच रडून सांगितलं होतं, अण्णांनी मारलं. ती माझ्यावरच —

दुपार
समाधानने मला आतल्या खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली आहे. ते आले. रुद्र हसतोय. मंजुषा चहा टाकतेय. दार ठोकतो तर म्हणते, अण्णा, शांत पडा, तुमचं डोकं ठिकाणावर नाही —
समाधान रुद्रला म्हणतोय, माझ्याकडे बघ. हात दे. डोळे मिटू नको —
हसणं थांबलं. रुद्र, माझ्या बाळा, हात देऊ —