नाही म्हणणारं कोणी सापडलं नाही

सर,

आधी घडलं ते क्रमानं लिहिते.

१. मी अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, पास झाले.
२. मुंबईच्या पॉलिटेक्निकातून पत्र आलं. डिप्लोमाला जागा मिळाली आहे, आठ दिवसांत होकार कळवा.
३. सहा दिवस घरात त्यावर कोणी काही बोललं नाही.
४. सातव्या दिवशी मी प्राचार्यांच्या नावे इंग्रजीत नकाराचं पत्र लिहिलं आणि तपासायला तुमच्याकडे आणलं.
५. तुम्ही ते वाचून खिशात घातलं. परत दिलं नाही.
६. त्या संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आलात.
७. मी डिप्लोमा केला.
८. मी दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेलात.

कारखान्यात बिघाडाचा अहवाल आम्ही असाच लिहितो. आधी काय झालं, मग का झालं. 'का'च्या रकान्यात मी सहसा दोन ओळींच्या वर जात नाही. आज जाणार आहे.

नववीत तुम्ही समूहवाचक नामं शिकवलीत तो दिवस मला तारखेशिवाय सगळा आठवतो. निर्मळ गावाहून तुम्ही सायकलवर यायचात, आणि त्या दिवशी कॅरिअरला तुमच्या वाडीतला केळीचा अख्खा घड बांधलेला होता. तो तुम्ही टेबलावर ठेवलात आणि खाली वर्तमानपत्र घालायला विसरलात, त्यामुळे पुढं वर्षभर त्या टेबलावर चिकाचा काळा डाग होता. "घड सायकलवरून एकटा आला," तुम्ही म्हणालात, "म्हणून 'द बंच इज'. आता एकेकानं या आणि एकेक केळं घ्या." आम्ही रांगेनं घेतली. "आता काय झालं? केळी पांगली. प्रत्येक केळं आपापल्या वाटेनं गेलं. आता 'द बनानाज आर'." तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी तोंड भरलेलं असतानाच विचारलं, "सर, पोटात गेल्यावर इज की आर?" तुम्ही क्षणभरही न थांबता म्हणालात, "पोटात गेल्यावर वॉज." वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गाच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. तुम्ही त्यांनाही एक केळं दिलंत.

परिमाणांचा धडा दुसऱ्या दिवशी. तुम्ही घाम पुसत वर्गात आलात आणि फळ्यावर लिहिलंत, 'फाइव्ह माइल्स इज अ लाँग वे'. मी हात वर केला. पाच मैल अनेकवचनी आहेत, 'आर' हवं. तुम्ही म्हणालात, "पाच मैल असतील, पण मी दमलोय एकदाच." मग 'हाफ'. हाफला स्वतःचं मत नसतं, पुढं दूध आलं तर ते 'इज', केळी आली तर 'आर', लग्नातल्या पाहुण्यासारखं, ज्या पंगतीत बसवलं त्या पंगतीचं. पोलीस मात्र कायम 'आर', कारण ते एकटे कधी येत नाहीत. मी सगळं वहीत दोन रकान्यांत लिहून घेत होते. एकीकडे 'इज', दुसरीकडे 'आर'. 'फॅमिली' मी 'इज'च्या रकान्यात टाकली. तुम्ही बाकापाशी आलात, वही पाहिलीत आणि विचारलंत, "तुमच्या घरी जेवायला बसल्यावर सगळे एकच भाजी मागतात का?" वर्ग पुन्हा हसला. मी हसले नाही. "दोन्ही रकान्यांत लिही," तुम्ही म्हणालात. "आणि कुठला कधी, ते पुस्तकात बघून ठरवू नकोस. माणसांकडे बघून ठरव." मला राग आला होता. एक गोष्ट दोन रकान्यांत असू शकते हे मला तेव्हा पटत नव्हतं.

आमच्या घराबद्दल तुम्हाला थोडंफार माहीत होतं. बाबा, आई, बाबांची थोरली अविवाहित बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. तुम्हाला लिहिताना मात्र मी शाळेतलीच मराठी वापरते, सवय आहे. आमच्या घरात महत्त्वाची गोष्ट कोणी कोणाला समोरासमोर विचारत नाही. ती आपोआप ठरते. वाडी कुणाला कसायला द्यायची, चुलतभावाचं लग्न कुठल्या महिन्यात, कुठल्या सणाला काय शिजणार, सगळ्याचं एकच उत्तर, "तसं ठरलंय." ठरवलं कोणी, हे विचारायचं नाही. ह्या क्रियापदाला आमच्या घरी कर्ताच नसतो. माझ्या जागेचं पत्र आलं तेव्हा ते बाबांनी वाचलं आणि क्रूसाच्या फळीवर ठेवलं. आईनं तिथली मेणबत्ती बदलली आणि पत्र पुन्हा तसंच ठेवलं. आत्यानं फळी पुसली. सहा दिवसांत त्या पत्राला सगळ्यांचे हात लागले, आवाज कोणाचाच नाही.

म्हणून सातव्या दिवशी मी लिहिलं, 'माय फॅमिली हॅज डिसायडेड नॉट टु सेंड मी.' तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात ते दोनदा वाचलंत. मी विचारलं, "सर, हॅज की हॅव?" तुम्ही म्हणालात, "व्याकरणात चूक नाही." आणि कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात. मी म्हटलं, सर, उद्या शेवटचा दिवस आहे, पोस्टात टाकायचंय. "वाक्य बरोबर आहे," तुम्ही म्हणालात. "खरं आहे का ते संध्याकाळी येऊन बघतो."

संध्याकाळी आमच्याकडे केळी भरायचं काम चाललेलं असतं. बाबा विळ्यानं घडाच्या फण्या सोडवतात, आई फडक्यानं चीक पुसते, आत्या टोपलीत वाळक्या पानांचा थर घालून फण्या रचते, आणि मी मोजते. हे मी वर्तमानकाळात लिहिते आहे कारण आजही तसंच चालतं. तुम्ही सायकल माडाला टेकवलीत आणि थेट पडवीत आमच्यात येऊन बसलात. आत्या म्हणाली, "मास्तर, पांढरा सदरा घालून इथं बसता? चिकाचा डाग मरेपर्यंत जात नाही." तुम्ही म्हणालात, "बरंच की. शाळेत कळेल मास्तर काम करतो." आणि एक फणी उचलून पुसायला लागलात. चुकीची पुसत होतात. आईनं ती तुमच्या हातातून घेतली आणि दुसरी दिली.

मग तुम्ही, फणीकडेच बघत, बाबांना विचारलंत, "मुलीला पाठवायचं नाही असं ठरलं म्हणे. तुमचं काय म्हणणं होतं?"

"माझं काय म्हणणं असणार?" बाबा म्हणाले. "तिच्या आईचा जीव राहणार नाही. पोर रोज एकटी मुंबईला जाणार."

आईनं मान वर केली. "मी कधी म्हटलं असं? माझा जीव कुठं जात नाही. आक्कांना चालणार नाही म्हणून मी गप्प बसले."

आता सगळे आत्याकडे बघू लागले. आत्याच्या हातात भरलेली टोपली होती, ती तिनं धपकन खाली ठेवली. "माझं नाव कशाला घेता? मी नाही म्हटलं असतं तर तीन गावांत ऐकू गेलं असतं! मला वाटलं, ह्यालाच पोर लांब धाडायची नाही. आठवडाभर तोंड बघा ह्याचं, पावसात भिजलेल्या कोंबड्यासारखं."

"ते माझं तोंड असंच आहे," बाबा म्हणाले.

पहिली हसली ती आई. मग कोणाला आवरेना. आत्या पदरानं डोळे पुसत होती आणि तुम्ही विचारत होतात, "म्हणजे नाही म्हटलं कोणी? नाही म्हणणारा माणूस मला दाखवा." कोणी सापडेना. आत्यानं फळीवरच्या क्रूसाकडे बोट केलं, मग स्वतःच घाबरून छातीवर खूण केली. सावरल्यावर ती म्हणाली, "पण मास्तर, ही शिकून करणार काय?" तुम्ही म्हणालात, "यंत्रं नीट करणार." "मग आधी विहिरीवरचा पंप बघ म्हणावं. चार महिने खोकतोय."

आणि तुम्ही माझ्याकडे वळलात. "तुझं काय?" मी म्हटलं, "घरचे म्हणतील तसं." तुमचा आवाज तेवढ्यापुरता बदलला. वर्गात कधी ऐकला नव्हता असा. "घरच्यांना विचारून झालं. तुझ्यासमोरच विचारलं. आता मी तुला विचारतोय." हातात मोजलेल्या फण्या होत्या, आकडा मी विसरले. "जायचंय," मी म्हटलं. मला वाटलं मी ओरडले. आईनं आत्याला विचारलं, "काय म्हणाली ती?"

पंप मी पहिल्या वर्षाच्या सुट्टीत उघडला. वॉशर गेला होता, बाकी काही नाही. आत्यानं त्या दिवशी आल्यागेल्या प्रत्येकाला पाणी पाजलं, तहान असो वा नसो. ते तुम्हाला मी सांगितलं होतं. पुढचं सांगायचं राहिलं. आता मी वसईतच एका कारखान्यात दाबमापकं तपासते. इथं एखाद्या लॉटमधली चार मापकं चुकीचा दाब दाखवू लागली की साहेबांना घाई असते, 'लॉट इज रिजेक्टेड' लिहा आणि मोकळे व्हा. मी लिहीत नाही. प्रत्येक मापक सुटं जोडून बघते. वेळ लागतो, बोलणी बसतात. गेल्या आठवड्यात असंच एक एक जोडत गेले आणि मापकं सगळी चांगली निघाली. खराब होती ती आमची जोडणीची नळी. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हाला हे कोणी शिकवलं?" मी म्हटलं, इंग्रजीच्या सरांनी. त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. मी चेष्टा करत नाही हे त्यांना एव्हाना माहीत असायला हवं.

आता जे लिहायला बसले ते. त्या संध्याकाळनंतर ही हकिगत तुम्ही बऱ्याच जणांना सांगितलीत. चर्चच्या आवारात, माझ्यासमोर, बाबांच्या समोर. प्रत्येक वेळी सुरुवात हीच असायची, "घरच्यांनी पोरीला नकाराचं पत्र लिहायला लावलं." बाबा मान खाली घालून हसायचे. मी गप्प उभी राहायचे.

सर, ते पत्र मला कोणी लिहायला लावलं नव्हतं. कोणी 'लिही' म्हटलं नाही, कोणी 'नाही' म्हटलं नाही. मला भीती वाटत होती. गणित जमेल, इंग्रजीत शिकवलेलं कळेल का, मुलांच्या वर्गात मी एकटीच असेन का, आणि नाही जमलं तर परत येऊन ह्या पडवीत काय तोंड दाखवू. घरानं नकार दिला असता तर मला काही ठरवावं लागलं नसतं. घर देईना, म्हणून मीच घराच्या नावानं दिला. वाक्य खोटं होतं आणि ते मला लिहितानाच माहीत होतं. गंमत म्हणजे घरात आजही बाबांना वाटतं की मला आईनं लिहायला सांगितलं, आईला वाटतं आत्यानं, आणि आत्या बाबांना अजून त्यावरून बोलते. कोणी कोणाला विचारलेलं नाही. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय. त्यांना आज जेवताना सांगणार आहे.

मला एवढंच जाणून घ्यायचं आहे. व्हरांड्यात तुम्ही तो कागद दोनदा वाचलात, तेव्हा नाही म्हणणारी समोरच उभी आहे हे तुम्हाला कळलं होतं का? होय किंवा नाही, एका शब्दात चालेल. मृतांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, मी मेणबत्ती घेऊन तुमच्याकडे येते आहे. उत्तर त्याआधी कळवावं, ही विनंती.