आरशातला तोवा

५ मे ८६, सोम.
खालच्या मजल्यावरचे हरिलाल अंकल (यापुढे ह.अं.) गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले. दहा दिवस. एकटेच राहतात, म्हणून त्यांचा तोवा पक्षी माझ्याकडे. म्हणाले, "तूच बरा, बेटा. यू राइट एव्हरीथिंग डाउन." ते गयानाचे, माझ्यासारखेच इथे परदेशात आलेले. पणजोबा आपल्याकडून बोटीने तिकडे ऊस तोडायला गेले. घरात हिंदी आता 'बेटा'पुरती.
तोवा चिमणीहून लहान. काळा, पोट विटकरी, चोच जाड. गवताचं बी सोलून खातो. रविवारी पार्कात दोन पिंजरे शेजारी-शेजारी टांगतात. ज्याचा पक्षी आधी पन्नास वेळा बोलेल तो जिंकला. ह.अं.ची पाळी १८ला. हा त्यांच्या भावाने वाढवलेला. भाऊ गेल्या वर्षी वारला.
सूचना लिहून घेतल्या:
१) रोज स. पिंजरा हातात घेऊन फिरवणे.
२) बी, पाणी बदलणे.
३) शर्यतीआधी दुसरा तोवा ऐकू आला तर चालेल, दिसता कामा नये. दिसला की भांडतो, हरला की गप्प होतो.
पुन्हा वाचून दाखवल्या.

७ मे, बुध.
काकू (मी काका-काकूंकडे राहतो) भिजवलेली हरभरा डाळ घेऊन आली. "माहेरी साताऱ्याला आमचा मिठू आवडीनं खायचा."
"काकू, यादीत नाही."
"बरं बाबा, यादीवाल्या!"
बोल (किती वेळा बोलला): १९.

८ मे, गुरु.
मी काकांच्या स्टोअरवर कामाला गेलो की हा माझ्या खोलीत दिवसभर एकटा. आज परत आलो तर तोंड भिंतीकडे. बारावी दुसऱ्यांदा गेली तेव्हा मीही असाच...
कऱ्हाडला आमच्या ओसरीवर आरसा होता. चिमणी त्याच्याशी तासन्‌तास बोलत बसायची. दाढीचा आरसा पिंजऱ्याला आतून बांधला. सोबत होईल. बोल: १४.

९ मे, शुक्र.
४१!

१० मे, शनि.
६३. मोजता मोजता चहा गार झाला. ह.अं.ना फोनवर सांगितलं. "सिक्स्टी-थ्री? बेटा, काय खायला घालतोस?" आरशाचं बोललो नाही. आल्यावर दाखवू, म्हटलं.

११ मे, रवि.
सकाळी १२. नंतर काही नाही.

१२ मे, सोम.
०. बी तसंच. पिसं फुगवून खाली बसलाय.
काकूने आरसा बघितला. "हे कुणी लावलं?"
"चिमणी बोलायची ना आरशाशी, म्हणून."
"अरे, बोलत नव्हती, भांडत होती! चोचीतून रक्त आलं तेव्हा तुझ्या आईनं कपडा टाकला आरशावर. आठवत नाही?"
कपडा आठवतो. निळा. कशासाठी होता ते कधी विचारलंच नाही.
आरसा काढला. सूचना ३ पुन्हा वाचली. माझंच अक्षर.

१३ मे, मंगळ.
०. काका म्हणतात, सांगू नकोस. पक्षी आहे, होतो आजारी. रात्री झोप नाही.

१५ मे, गुरु.
ह.अं. वॉकर घेऊन घरी. पिंजरा खाली नेला. चहा होईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, दारातच सगळं सांगून टाकलं. आरसा दाखवला. वहीपण.
बराच वेळ वाचत बसले. १० तारखेच्या आकड्यावर बोट. मग म्हणाले, "सो? हू वन?"
मला हसता आलं नाही. तेही पुढे हसले नाहीत. "आरशातला दमत नाही, बेटा. हा बिचारा दोन दिवस लढला." पिंजऱ्याकडे पाठ करून बसले. भावाचं नाव घेतलं, एवढंच ऐकू आलं.
मी निघालो तर म्हणाले, "उद्या सात वाजता. मला चालता येत नाही. फिरवणार कोण?"

१८ मे, रवि.
ह.अं.नी शर्यतीतून नाव काढलं. पार्काच्या दुसऱ्या टोकाने फिरवला. तिकडे कुणाचा तरी बोलत होता. आमच्याने मान वळवली. बोल: ०.

२३ मे, शुक्र.
आठ दिवस, रोज सात वाजता. बी खातो आता. वही घेऊन जातो, ह.अं. फक्त आकडा बघतात आणि परत देतात.
आज नदीच्या बाजूला ऊन होतं. बाकावर पिंजरा ठेवला, त्यावर टाकलेला कपडा अर्धा वर केला. चोच उघडली, गळ्याखालची पिसं हलली. आवाज मला तरी आला नाही.
० लिहिलं नाही. जागा मोकळी ठेवली आहे. याला काय लिहायचं ते ह.अं.ना विचारायला खाली जातोय.